महागामी आणि मराठवाड्याचे नृत्य

मराठवाड्यात नृत्याचा पुरावा दगडात आणि ग्रंथात भरपूर आहे. शास्त्रीय नृत्याची गुरू-शिष्यांची सलग साखळी मात्र इथे उरली नव्हती. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात सहाव्या शतकातली एक नर्तकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसून सहा स्त्रिया तिला साथ करत आहेत. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव नाचतो आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्याचा सातवा आणि शेवटचा अध्याय नृत्याचा. या वारशाचे आज काय झाले हे पाहायचे, तर नर्तकी पार्वती दत्ता यांच्या कामापासून सुरुवात करावी लागते.

दत्ता यांनी ओडिसीची तालीम केलुचरण महापात्र यांच्याकडे आणि कथकची बिरजू महाराजांकडे घेतली. छत्रपती संभाजीनगरात महात्मा गांधी मिशन या शिक्षणसंस्थेच्या परिसरात 1996 साली महागामी गुरुकुल सुरू झाले. तेव्हापासून त्यांचे नाव आणि ही संस्था वेगळी काढता येत नाही. दोन्ही शैलींची शरीराकडची मागणी अगदी वेगळी आहे. ओडिसी त्रिभंग आणि चौक या अंगस्थितींवर उभी राहते, तर कथक ताठ कण्यावर, तत्काराच्या पदन्यासावर आणि चक्करांवर. दोन्ही एकाच अंगात मुरवायच्या आणि तरी एकीचा दुसरीत गोंधळ होऊ द्यायचा नाही, यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. पुण्या-मुंबईपासून दूरच्या शहरात अशा रियाजाची जागा उभी राहिली, हे मला या कारकिर्दीचे सर्वांत मोठे यश वाटते.

ओडिसीचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या मध्यावर घडले. देवळांत नाचणाऱ्या माहारी, मुलींच्या वेषात नाचणारी गोटिपुआ मुले, जुने ग्रंथ आणि मंदिरांवरची शिल्पे यांतून ते जुळवले गेले. या घडणीत अग्रभागी असलेल्या केलुचरण महापात्रांची शिष्या वेरूळजवळ येऊन काम करते, तेव्हा शिल्पाकडे पाहण्याची दृष्टी तिच्या हाताशी आधीच असते. इथे एक धोकाही असतो. शिल्प एक क्षण दाखवते. करण, म्हणजे ग्रंथांत वर्णिलेला नृत्याचा घटक, ही मात्र हालचाल असते. पाय कुठून आला, भार कुठे गेला, पुढचे पाऊल कोणत्या मात्रेवर पडेल, हे ग्रंथ आणि ताल यांच्या आधारानेच शोधावे लागते. नुसत्या देखण्या मुद्रा एकापुढे एक मांडल्या तर ते नृत्य होत नाही. म्हणूनच महागामीचा ‘शार्ङ्गदेव समारोह’ महत्त्वाचा आहे. तिथे प्रयोगाबरोबर चर्चा आणि सप्रयोग व्याख्याने होतात, आणि ग्रंथातला शब्द कलावंताच्या देहावर तपासला जातो.

शार्ङ्गदेवाने शास्त्रमान्य मार्गी नृत्याबरोबर देशी, म्हणजे प्रादेशिक नृत्यालाही जागा दिली, पेरणी आणि गौंडली या देशी प्रकारांचे विवेचन केले. हा धागा अजून पुरता उचललेला नाही. गोंधळ, एकनाथांची भारुडे, लावणीतली अदा हे आजच्या मराठवाड्याचे देशी आहे आणि एकनाथांचे पैठण तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहे. या कलांचे जाणकार आणि शास्त्रीय नर्तक यांनी एकत्र बसून, बरोबरीच्या नात्याने, मराठी पदांवर नव्या रचना सातत्याने करायला हव्यात.

बाकीच्या उणिवा एका संस्थेच्या माथी मारता येणार नाहीत. सोनेरी महालासमोरचा वेरूळ-अजिंठा महोत्सव वर्षानुवर्षे खंडित होत राहिला. नृत्यावर जाणकारीने लिहिणारे मराठी समीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकून तयार झालेल्या मुलींना मानधनाचे प्रयोग पुरेसे मिळत नाहीत. त्यामुळे अरंगेत्रमसारख्या पदार्पणाच्या एका प्रयोगानंतर अनेकींचे नृत्य थांबते.

एका नर्तकीने एका आयुष्यात जेवढे करावे, त्याहून अधिक पार्वती दत्ता यांनी केले आहे. पुढचे काम शहराचे आहे. महोत्सवाची तारीख दरवर्षी पक्की असावी, स्थानिक नर्तकांना त्यात मानधनासह मंच मिळावा आणि मराठी वृत्तपत्रांनी नृत्यप्रयोगाला छायाचित्राखालच्या दोन ओळींऐवजी परीक्षण द्यावे.