‘जळून नाहीशी’ होणारी घाण

स्वतःची सफाई स्वतः करणारा ओव्हन ही वस्तू विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या लेखनात वारंवार भेटते. ‘हे कसे चालते?’ अशा धर्तीची सदरे, सामान्यज्ञानाची पुस्तके, उपकरणाबरोबर मिळणारी माहितीपत्रके यांतील तिचे स्पष्टीकरण बहुधा एकाच साच्यातून निघालेले असते. ओव्हन अतिशय तापतो, आत हवेचा झोत खेळतो, भिंतींवरची घाण जळून नाहीशी होते आणि चिमूटभर राख उरते. ती ओल्या फडक्याने पुसली की काम संपले. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राहते. परंतु बारकाईने तपासू लागलो की त्यातील तीन शब्द डळमळू लागतात. ते शब्द म्हणजे ‘जळून’, ‘झोत’ आणि ‘नाहीशी’.

भिवंडीतल्या शाळेत शिकवणारे शिक्षक येथे साहजिकच विचारतील की, आमच्या किती विद्यार्थ्यांच्या घरी असा ओव्हन आहे? फारच थोड्यांच्या असेल, हे आम्हांला मान्य आहे. पण भिवंडीत पावाच्या भट्ट्या आहेत, सायझिंगचे बॉयलर आहेत आणि त्यांची धुराडी आहेत. ओव्हनच्या भिंतीवर जे रसायनशास्त्र चालते तेच या सर्व ठिकाणी चालते. म्हणून स्पष्टीकरणातील चूक स्वयंपाकघरापुरती राहत नाही.

प्रथम ‘जळून’ हा शब्द घेऊ. ओव्हनच्या भिंतीवर जे साचते ते मुख्यतः तूप-तेल, साखर, पिष्ट आणि प्रथिने यांचे मिश्रण असते. वारंवार तापल्याने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. यालाच बहुवारिकीकरण म्हणतात. कढईच्या बाहेरच्या बाजूला बसलेला, घासून न निघणारा तपकिरी थर हे त्याचेच रूप. साबणाला तो दाद देत नाही, कारण तो आता तेल राहिलेला नसतो. वाळलेल्या रोगणासारखा झालेला असतो. जुन्या घरांत असा लोखंडी तवा निखाऱ्यांवर ठेवून जाळून घेत. १९६३ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सफाई करणारा घरगुती ओव्हन बाजारात आणला, त्यामागची मूळ कल्पना याहून फार वेगळी नव्हती.

अशा ओव्हनमध्ये सफाईच्या वेळी तापमान सुमारे ४८० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात आणि दोन ते चार तास तसेच राखतात. या काळात दोन निरनिराळ्या क्रिया घडतात. पहिलीत उष्णतेने मोठे रेणू तुटतात. त्यांतून वायू आणि वाफा बाहेर पडतात आणि मागे कोळशासारखा काळा थर उरतो. या क्रियेला ऑक्सिजन लागत नाही. तिला उष्णता-अपघटन म्हणतात. लाकडापासून कोळसा करताना हेच घडते. दुसऱ्या क्रियेत त्या काळ्या थरातील कार्बनचा ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो. येथे ज्वाला नसते आणि ती नसावी अशीच योजना असते. आत ज्वाला उठली तर तो अपघात होय. म्हणूनच सफाई सुरू करण्यापूर्वी सुटे तेल आणि अन्नाचे मोठे तुकडे काढून टाकायला सांगतात आणि ओव्हन तापला की दाराला आपोआप कुलूप लागते. ‘घाण जळते’ असे म्हटल्याने या दोन्ही क्रिया एकाच शब्दात गडप होतात आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे भडकलेल्या आगीचे चित्र उभे राहते.

५०० अंशच कशाला, २५० अंशांवर अधिक वेळ ठेवले तर चालणार नाही का? हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. उदाहरणादाखल, क्रियेसाठी लागणारी सक्रियण ऊर्जा मोलला १५० किलोजूल धरू. आऱ्हेनियसच्या समीकरणानुसार २५० अंशांच्या तुलनेत ४८० अंशांना क्रियेचा वेग सुमारे ३७ हजार पट होतो. म्हणजे जे काम ४८० अंशांना दोन तासांत होते, त्याला २५० अंशांना आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. रोजच्या भाजण्याने ओव्हन साफ का होत नाही, उलट मळतच का जातो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आता ‘झोत’. येथे आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तीन वेगवेगळ्या हवा एकत्र केल्या गेल्या आहेत. काही ओव्हनमध्ये आत एक पंखा असतो. तो आतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. दुसरा पंखा बाहेरचा पत्रा, विद्युत भाग आणि दार थंड राखण्यासाठी हवा ढकलतो. ती हवा आत शिरतच नाही. घाणीतील कार्बनला ऑक्सिजन पुरवते ती तिसरी हवा. ती दाराजवळच्या फटीतून शांतपणे आत येते आणि वरच्या लहान निर्गममार्गाने बाहेर जाते. तिला झोत म्हणणे म्हणजे उंबऱ्याखालून येणाऱ्या झुळुकीला वादळ म्हणण्यासारखे आहे.

ही हवा किती लागते, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही काढता येईल. भिंतींवर एकूण १० ग्रॅम कार्बन उरला आहे असे समजू. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून १० ग्रॅमला सुमारे २७ ग्रॅम लागेल. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तेव्हा हवा लागेल सुमारे ११५ ग्रॅम. आता ओव्हन ६० लिटरचा असेल तर ४८० अंशांना त्यात हवा मावते किती? प्रसरणामुळे केवळ २८ ग्रॅम! त्यातल्या ऑक्सिजनने जेमतेम अडीच ग्रॅम कार्बनची वाट लागेल. म्हणजे ओव्हन पूर्ण बंद ठेवला तर सफाई अर्ध्यावरही पोहोचणार नाही. हवेची ये-जा हवीच. पण किती? ११५ ग्रॅम हवा म्हणजे बाहेरच्या तापमानाला सुमारे ९६ लिटर. ती दोन तासांत आत यायची, म्हणजे मिनिटाला एक लिटरहूनही कमी. सगळा ऑक्सिजन वापरला जात नाही हे लक्षात घेऊन हा आकडा चार-पाच पट केला तरी एका फटीचे ते काम आहे. याहून जास्त हवा घेतली तर ती भिंती थंड करील आणि विजेचे बिल वाढवील. हवा हवी, पण मोजकी, हा या रचनेचा खरा मुद्दा आहे आणि नेमका तोच लोकप्रिय स्पष्टीकरणातून गळून पडतो.

तिसरा शब्द ‘नाहीशी’. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम आपण आठवीच्या आसपास शिकवतो आणि पुढच्याच महिन्यात घाण नाहीशी झाल्याचे वाचून पुढे जातो. वरील उदाहरणात १० ग्रॅम कार्बन भिंतीवरून गेला आणि सुमारे ३७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला. गेलेली वस्तू वजनाने जवळजवळ चौपट झाली! शिवाय पहिल्या क्रियेतील वाफा व धूर आहेतच. त्यांच्यासाठी काही बनावटींत निर्गममार्गावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमसारख्या धातूचा मुलामा दिलेली जाळी बसवतात. मोटारीच्या धुरासाठी वापरतात तशीच ही उत्प्रेरक योजना. तरीही सफाईच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवायला सांगतात. परदेशातील अनेक मराठी घरांत ओव्हनचा उपयोग भांडी ठेवण्याच्या कपाटासारखा होतो. त्यात न चिकटणाऱ्या मुलाम्याचा तवा राहून गेला तर त्या मुलाम्यातून निघणारे वायू पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा जीव घेऊ शकतात. आणि ती चिमूटभर राख? ते मीठ आणि इतर खनिजे. साधे मीठ ८०१ अंशांना वितळते, तेव्हा ५०० अंशांचा त्यावर काय परिणाम होणार?

आपल्याकडे सध्या घरोघरी दिसणाऱ्या ‘ऑटो-क्लीन’ चिमणीचा उल्लेख येथे करायला हवा, कारण नावाच्या साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते. त्या चिमणीत काही जळत नाही. साचलेले तेल तापवून पातळ करतात आणि ते खालच्या पेल्यात उतरते. तो पेला आपणच धुवायचा असतो. निदान तेथे घाण कुठे गेली हे डोळ्यांना दिसते.

आता भिवंडीकडे वळू. लाकडावर चालणाऱ्या पावाच्या विटांच्या भट्टीत आतला घुमट आधी काजळीने काळा होतो. विस्तव चांगला पेटून विटा सुमारे ४०० अंशांच्या आसपास तापल्या की तोच घुमट पांढरट पडू लागतो. काजळी विटेवरच हळूहळू जळते. हा शंभर टक्के स्वतःची सफाई करणारा ओव्हन आहे, आणि तो पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही. पण घुमट स्वच्छ झाला म्हणजे शेजार स्वच्छ राहिला असे नाही. विटा थंड असताना निघालेला धूर केव्हाच धुराड्यातून बाहेर पडलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, ते या दुसऱ्या हिशेबामुळे.

सायझिंगचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. यंत्रमागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावतात आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर ते वाळवतात. ही वाफ बॉयलरमधून येते. बॉयलरच्या भट्टीतली ज्वाला १००० अंशांच्याही वर जाऊ शकते, म्हणजे ओव्हनच्या दुप्पट. मग तिच्या नळ्यांवर काजळी का बसते आणि ती ब्रशने का झाडावी लागते? कारण नळीच्या आत पाणी असते. वाफेचा दाब १० बार असेल तर ते पाणी सुमारे १८० अंशांना उकळते आणि नळीची भिंतही त्याहून फार तापू शकत नाही. सफाई ठरवते ते भिंतीचे तापमान, ज्वालेचे नव्हे. ज्वालेतील अर्धवट जळालेले कण अशा थंड भिंतीला भिडले की त्यांचे जळणे तेथेच थांबते. काही चिकटतात, काही धुराड्याची वाट धरतात. त्यात ओले लाकूड आणि इंधन टाकण्यासाठी वारंवार उघडलेले दार यांची भर पडली की धूर काळा होतो. पूर्ण ज्वलनाला पुरेसे तापमान, पुरेसा वेळ आणि हवेशी नीट मिसळण या तिन्ही गोष्टी लागतात. इंधन, हवा आणि उष्णता हा पाठ्यपुस्तकातला त्रिकोण आग कशी लागते हे सांगतो, ती पूर्ण कशी जळते हे सांगत नाही.

‘जळून नाहीशी’ या शब्दांची किंमत येथे मोजावी लागते. बॉयलरमध्ये प्लास्टिक आणि चिंध्या जाळल्याच्या तक्रारी भिवंडीतून वेळोवेळी वर्तमानपत्रांत आल्या आहेत. आगीत टाकले की गेले, ही समजूत त्यामागे एकटी नसेल. स्वस्त इंधनाचा मोह मोठा आहे. पण ती समजूत त्या मोहाला सोबत करते. शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. ते कितीही तापवा, क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होणार नाही. १०० ग्रॅम पीव्हीसीतून ५८ ग्रॅमपर्यंत हायड्रोजन क्लोराइड निघू शकतो आणि दमट हवेत त्याचे आम्ल होते. ज्वलन अपुरे असेल तर डायॉक्सिनसारखी विषेही तयार होतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत दाहकाच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश तापमान आणि वायूंना किमान दोन सेकंदांचा मुक्काम सांगितला आहे, आणि एवढे करूनही क्लोरीनयुक्त प्लास्टिक त्यात जाळायला मनाई आहे. नियम करणाऱ्यांनी ‘नाहीशी’ या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. आपण तरी का ठेवावा?

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धरून, चिनी मातीच्या बशीचा लहान तुकडा मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत धरावा. तो काळा होईल. तोच तुकडा गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावा; काजळी निघून जाईल. तुकडा पूर्ण थंड झाल्यावर त्यावर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब वाळवावेत आणि मंद आचेवर तापवावे. पांढरा डाग राहील. मग विचारावे: काळे गेले, पांढरे राहिले, असे का? आणि काळे गेले ते कुठे?

लोकप्रिय स्पष्टीकरणाच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. थोडक्यात सांगणे हे अवघड काम आहे आणि प्रत्येक वाक्यात आऱ्हेनियस बसवता येत नाही. पण थोडक्यातही खरे सांगता येते. आमची सूचना अशी: ‘सुमारे ५०० अंशांना घाणीचे रेणू तुटतात, उरलेल्या कार्बनचा मोजक्या हवेशी हळूहळू संयोग होतो आणि घाण वायूंच्या रूपाने बाहेर जाते, जी खनिजे वायू होत नाहीत, ती राख म्हणून उरतात.’ मूळ वाक्यापेक्षा यात फारसे शब्द जास्त नाहीत. एवढे वाक्य समजलेला भिवंडीचा विद्यार्थी सायझिंगच्या धुराड्याकडे पाहून आत काय जळते आहे, काय जळायचे राहिले आहे आणि काय कधीच जळणार नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारू शकेल.