उपनगरातील उन्हाळा आणि आपला लघुनिबंध

वैशाखाचे ऊन तापू लागले की आमच्या मासिकांतून एका विशिष्ट जातीचे लेख दिसू लागतात. त्यांचा लेखक बहुधा अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणारा असतो. घरापुढे त्याची हातभर बाग असते. निदान गॅलरीत दहा-बारा कुंड्या तरी असतात, व त्यांत मोगरा फुललेला असतो. सुटीच्या एखाद्या सकाळी तीन-चार मित्र मोटार घेऊन येतात, मंडळी घोडबंदरच्या रस्त्याने वसईकडे अथवा खंडाळ्याच्या घाटाकडे निघतात, वाटेत कलिंगड फोडले जाते, कॉलेजातील आठवणी निघतात. आणि सायंकाळी परतल्यावर मोगऱ्याच्या वासात लेखकास असा साक्षात्कार होतो की, सुख फार दूर नाही, ते आपल्या अंगणातच आहे. असे लेख आम्ही गेली तीस वर्षे वाचीत आलो आहो. एक स्वतः लिहिलाही आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

हे लेख वाचताना बरे वाटतात. पण आठ दिवसांनी आठवत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

विषय क्षुद्र आहे म्हणून हे लेख फसतात, असे म्हणणारांपैकी आम्ही नाही. तीन मित्र व एक कुत्रा एवढ्या सामग्रीवर जेरोम के. जेरोम याने थेम्स नदीवरील सहलीचे जे पुस्तक १८८९ साली लिहिले, ते आजही लोक हसत वाचतात. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२९ मध्ये हौशी बागवानाच्या बारा महिन्यांवर लहानसे पुस्तक लिहिले; त्यातही जगाला हादरविणारे काही नाही. मित्र, वाट आणि बाग ही तिन्ही वाङ्मयाची जुनी व भरवशाची भांडवले आहेत. भांडवल चांगले असून व्यापार बुडत असेल, तर दोष हिशेबात शोधला पाहिजे.

थोडे मागे जाऊ. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली निघाली, तेव्हापासून पुढे बराच काळ आमचा निबंध व्यासपीठावर उभा राहून बोलत होता. त्याला खाली उतरवून घरच्या बैठकीत आणण्याचे काम फडके, खांडेकर व काणेकर यांनी केले. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ मध्ये व काणेकरांची 'पिकली पाने' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. हा उपकार लहान नव्हे. मराठी गद्य यामुळे हसायला व हलक्या आवाजात बोलायला शिकले. परंतु या घाटाबरोबर एक सवयही आली. निबंधाच्या आरंभी एखादी साधी वस्तू घ्यावयाची, ती बोटांत फिरवावयाची व अखेरीस तिच्यातून एक गोड कलाटणी काढून दाखवावयाची. मूळच्या कारागिरांच्या हाती ही कलाटणी शोभली. मागून येणारांच्या हाती मात्र ती आधी ठरू लागली व वस्तू मागाहून. कलाटणी आधी ठरली म्हणजे तिच्या वाटेत जे जे आडवे येते ते ते गाळावे लागते. उपनगरातील उन्हाळ्याच्या लेखांतून काय गाळले गेले आहे?

सर्वांत आधी गाळले जाते पाणी. मे महिन्यात मुंबईच्या उपनगरात कुंडीतला मोगरा जगविणे म्हणजे काय, हे ज्याने तो जगविला आहे त्यास विचारावे. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. तो याच उपनगरांच्या कुशीत आहे. तरीही नळाचे पाणी ठरावीक वेळीच येते, आणि पाऊस लांबला तर त्यातही कपात होते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवावयाचे, सकाळचे ऊन गॅलरीत येण्यापूर्वी झारी फिरवावयाची, गावी जावयाचे तर शेजारणीकडे किल्ली ठेवून जावयाचे, या खटाटोपावर तो वास उभा असतो. लेखात वास येतो. बादली येत नाही.

बादली आली तर लेखाचे सौंदर्य बिघडेल, अशी भीती लेखकास वाटत असावी. चापेकने ती भीती खोटी ठरविली आहे. त्याच्या पुस्तकात फुलांपेक्षा बागवानाची वाकलेली पाठ अधिक दिसते. बागेला पाणी घालण्याची रबरी नळी आधी मालकालाच न्हाऊ घालते. आणि सारा विनोद या धडपडीतूनच निघतो. बाग सुंदर आहे हे त्याला वेगळे सांगावेच लागत नाही.

आमच्याकडे याहून निराळ्या पद्धतीने हेच साधले ते दुर्गा भागवत यांनी, १९५६ च्या 'ऋतुचक्रा'त. त्यांच्या पुस्तकात घरची बाग नाही, मालकी नाही. चैत्रापासून बारा महिन्यांचे बारा लेख आहेत. पण त्यात झाड 'वृक्ष' म्हणून येत नाही, आपल्या नावाने येते. आणि कोवळी पालवी, मोहोर, फळ यांचा क्रम डोळ्यांत तेल घालून पाहिलेला असतो. या पाहण्यामागे वर्षानुवर्षांची पायपीट व अभ्यास आहे, आणि ती मेहनत प्रत्येक वाक्याच्या वजनात उतरली आहे. आमच्या उपनगरी लेखकास हे अशक्य आहे काय? त्याच्या रस्त्यावर बहावा व ताम्हण वैशाखात फुलतातच. बोरिवलीकराच्या तर दाराशी कान्हेरीचे जंगल आहे. परंतु त्याच्या लेखात 'पिवळी फुले' व 'जांभळी फुले' एवढेच येते. कारण त्याला फुले नको असतात, फुलांपासून होणारा साक्षात्कार हवा असतो.

बागेनंतर वाट. मोटारीच्या सहलीचे वर्णन आमच्या लेखांत 'गप्पांच्या नादात रस्ता कधी सरला ते कळलेच नाही' या एका वाक्यात आटोपते. रस्ता कळला नाही, तर त्याविषयी लिहावयाचे कशाला? येथे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवासा'ची आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाला व बंडाच्या धामधुमीत सापडला. ते पुस्तक चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या एका दिवसाच्या सहलीशी त्याची तुलना करणे विनोदी दिसेल, हे आम्ही जाणतो. परंतु मुद्दा संकटांचा नाही. गोडसे भटजी पैसे किती मिळाले व कसे गेले ते सांगतात, पोटात काय पडले व काय पडले नाही ते सांगतात, भीती वाटली तेव्हा भीती वाटली असे म्हणतात. आणि घरी येताना खांद्यावर गंगेची कावड आहे हे वाचकास विसरू देत नाहीत. म्हणून ती वाट शंभराहून अधिक वर्षांनी आपल्याही पायांखाली येते. बोरिवलीहून वसईला जाताना भटजींची संकटे नाहीत, हे ठीक. पण दहिसरची गर्दी आहे, खाडीवरचा पूल आहे, पुलावर येताच बदलणारा वारा आहे, बाजारातील सुकेळी आहेत, आणि पेट्रोलचे पैसे कोणी द्यावयाचे हा प्रश्न आहे. एवढे पुरे आहे.

आता मित्र. आमच्या लेखांतील मित्र 'दिलखुलास' असतात, 'हजरजबाबी' असतात, आणि त्यांना एकही वैगुण्य नसते. अशा माणसास वाचक ओळखणार कसा? पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीस गेले, पुढे ते पार्ल्यास राहिले. म्हणजे ते आमच्याच उपनगरांचे. 'बटाट्याच्या चाळी'तील भ्रमणमंडळ पुण्याची सहल काढते, तेव्हा वाचकास ती मंडळी पक्की ओळखू येतात, कारण प्रत्येकाचा हट्ट वेगळा आहे. पण आमच्या प्रस्तुत विषयास याहून जवळचा आहे तो १९६२ च्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधील नारायण. लग्न कोणाचेही असो, बस्त्यापासून वरातीपर्यंत राबणारा हा माणूस. मांडवातला आनंद ज्याच्या पायांवर उभा आहे, आणि आनंद संपल्यावर ज्याची कोणालाच आठवण राहात नाही. पुलंनी लग्नाचे वर्णन केले नाही, नारायणाचे केले. आणि लग्न आपोआप उभे राहिले. सुखाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा लेख पुनःपुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते. प्रत्येक सुखाच्या मागे कोणीतरी नारायण असतो. त्याला गाळले की मागे गोड शब्द उरतात.

येथे एक आक्षेप येईल. लघुनिबंध हा घटकाभर विसाव्यासाठी असतो; दमून भागून लोकलने घरी आलेल्या माणसास पाण्याची रड व पेट्रोलचा हिशेब कशाला वाचावयास लावता? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु आम्ही गाऱ्हाणे मागत नाही. चापेक व पु. ल. या दोघांनीही वाचकास हसविलेच आहे. आम्ही मागतो ती ओळख. जो वाचक स्वतः पहाटे उठून झारी भरतो, त्याला झारी वाचून कंटाळा येणार नाही. आपले कोणी पाहिले, असे वाटेल. विसावा त्यातही आहे.

उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. काही लेखक वर्तमानाला कंटाळून 'पूर्वीचे उपनगर' रंगवितात. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. त्याआधी ती वाड्यांची, विहिरींची व भाताच्या खाचरांची गावे होती, हे खरेच. पण या स्मरणरंजनातही डास नसतात, रहाट ओढणारे हात नसतात. गाळण्याची सवय तीच. फक्त काळ मागे नेलेला.

आता आमची स्वतःची हकीकत. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही याच विषयावर एक लेख लिहिला. अंधेरीस आमच्या एका मित्राचे बैठे घर होते, मागे विहीर व एक आंबा. दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे त्यांच्या जुन्या मोटारीतून वसईस जात असू. लेखात मोगरा आला, किल्ल्याच्या तटावरील वारा आला, चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय आला, आणि शेवटी सुखाविषयीचा तो सिद्धान्तही आला. लेखाचे कौतुक झाले. आमच्या घरून मात्र एवढाच अभिप्राय मिळाला : "बाग छान लिहिली आहे. पाणी कोण घालते ते तेवढे राहिले." ही थट्टा समजून आम्ही हसलो.

चार वर्षांपूर्वी ते मित्र वारले. बैठे घर त्याआधीच पडून तेथे बहुमजली इमारत उभी राहिली होती. विहीर बुजली, आंबा गेला. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या कन्येने तो लेख मागून नेला. घरच्या मंडळींत वाचावा असा तिचा विचार होता. आठ दिवसांनी तिने कात्रण परत आणून दिले. म्हणाली, "काका, लेख फार सुंदर आहे. पण बाबा यात कुठे भेटले नाहीत."

ती गेल्यावर आम्ही लेख पुन्हा वाचला. आमच्या मित्राचा उल्लेख 'आमचे एक स्नेही' असा एकदा आला होता. ते पेट्रोलचे पैसे कधीही घेत नसत व त्यावरून दर वर्षी भांडण होई, हे नव्हते. कलिंगड टिचकी मारून पारखण्याचा त्यांना मोठा अभिमान होता व त्यांचे कलिंगड हमखास पांढरे निघे, हे नव्हते. सहलीच्या आदल्या रात्री ते स्वतः मोटारीखाली शिरत, त्यांच्या नखांतले काळे तेल दुसऱ्या दिवशी सुकेळी खातानाही दिसे, हे नव्हते. आंब्यालाही आम्ही 'आम्रवृक्ष' म्हटले होते. तो रायवळ होता, फळ आंबट होते, आणि सारा मे महिना आमच्या घरी त्याचेच लोणचे व पन्हे होत असे. जे जे गाळून आम्ही तो लेख सुंदर केला होता, तेच तिला हवे होते. आणि आता ते देण्यास घर, विहीर, झाड यांपैकी काहीच शिल्लक नव्हते.

उपनगरे फार वेगाने बदलत आहेत. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. बैठी घरे व त्यांच्या मागच्या वाड्या एकेक करून जात आहेत. याबद्दल केवळ हळहळण्यात अर्थ नाही. लोकांना घरे लागतात. परंतु या घरांतील उन्हाळे कसे होते, हे पुढच्या पिढीस सांगण्याचे काम बऱ्याच अंशी या लहानशा निबंधावरच येऊन पडणार आहे. इतिहासकार हे लिहिणार नाहीत. म्हणून जे तरुण लेखक या मे महिन्यात आपल्या गॅलरीविषयी वा सहलीविषयी लिहावयास बसतील, त्यांनी साक्षात्काराची घाई करू नये. झाडाचे नाव, बादली उचलणाऱ्याचे नाव, आणि मित्राची एक तरी खोड आधी कागदावर उतरवावी.

आम्ही तो जुना लेख पुन्हा लिहावयास घेतला आहे. आंबा रायवळ होता, हे आता पहिल्याच वाक्यात आले आहे; झारी कोणाच्या हाती असते, हे दुसऱ्यात. पेट्रोलचे भांडण दहिसरच्या नाक्यावर सुरू होई की खाडीच्या पुलावर, याविषयी उरलेल्या आम्हां तिघांत अद्याप एकमत झालेले नाही. ते झाले म्हणजे लेख पुरा होईल.