जुन्या छायाचित्रांतील मोटारी व कालनिर्णय

मोटारींच्या शौकिनांचा एक वर्ग अलीकडे जुन्या छायाचित्रांच्या परीक्षणांत रमूं लागला आहे. चित्रांत कोण उभा आहे याच्याशीं ह्या मंडळींस फारसें कर्तव्य नसतें. पलीकडे उभी असलेली गाडी कोणत्या कारखान्याची, कोणत्या नमुन्याची व कोणत्या सालची, एवढेंच त्यांस हवें असतें. संशोधकवर्गांत ह्या उद्योगाची थट्टा होते, ती आम्हांस मान्य नाहीं. परंतु गाडीचें साल तेंच चित्राचें साल असें धरून संग्रहांतील चित्रांखालीं तें बेधडक लिहिण्याची जी चाल पडत आहे, तीही आम्हांस मान्य नाहीं. आणि परभणीसारख्या पूर्वीच्या निजामी मुलखांतील चित्रांच्या बाबतींत तर ती घातक आहे.

प्रथम ह्या मंडळींच्या गुणांविषयीं. त्यांची पद्धति आमच्या अक्षरवटिकेच्या परीक्षेहून फार वेगळी नाहीं. जाणता परीक्षक गाडीच्या एकंदर घाटावरून नांव सांगत नाहीं, कारण रोल्स-रॉइससारखे कारखाने त्या काळीं केवळ सांगाडा व यंत्र तयार करून देत आणि वरची पेटी दुसरेच कारागीर बसवीत. हैदराबादेस चौमहल्ला वाड्यांत असलेली १९१२ ची पिवळी 'सिल्व्हर घोस्ट' घ्या. तिचें यंत्र रोल्स-रॉइसचें, पण सिंहासनासारखें उंच आसन असलेली पेटी विलायतेंतील बार्कर मंडळीची. म्हणून नजर आधीं गाडीच्या तोंडाकडे जाते. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा रेडिएटर रोल्स-रॉइसचा. माथ्यावर खांचा पाडलेला असला तर डेमलरचा. बॉनेटवर लांबट पन्हळी असल्या तर ती व्हॉक्सहॉल. फोर्डचा 'टी' नमुना १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होता. पण त्याचा पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच, १९१७ च्या नमुन्यापासून तो काळा झाला व बॉनेटास गोलाई आली. तिथि नसलेल्या कागदाचा काळ मोडीच्या वळणावरून ठरविणाऱ्यानें ह्या परीक्षेस हसूं नये.

आमचा आक्षेप येथून पुढें आहे. नमुन्याच्या सालानें चित्राची फक्त पूर्वमर्यादा कळते. विलायती कागदाच्या जलचिन्हांत १८०५ असें साल आढळलें, तर लेख त्यापूर्वीचा नाहीं एवढेंच सिद्ध होतें. कोरा कागद दप्तरांत दहा वर्षें पडूनही राहिला असेल. मोटार तर हातोहात विकली जात शहरांतून तालुक्यास येते व वीस वीस वर्षें रस्त्यावर राहते. खंडनाच्या कामीं मात्र हें साधन अमोघ आहे. राजा दीनदयाळ १९०५ मध्यें वारले. त्यांच्या पेढीचा छाप असलेल्या चित्रांत 'टी' नमुन्याची फोर्ड दिसली, तर तें चित्र त्यांच्या हातचें नव्हे, त्यांच्या पश्चात् चाललेल्या पेढीचें होय. तसेंच सहावे निजाम मीर महबूब अली खान १९११ मध्यें निवर्तले. १९१२ च्या गाडींत बसलेल्या इसमास त्यांचें नांव देणाऱ्यास दुसरें उत्तर नको.

आतां परभणीकडे वळूं. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. दप्तराची भाषा उर्दू व सरकारी साल फसली. त्याच्या जोडीस मुसलमानी घरांतून हिजरी, हिंदु घरांतून शक. समजा, एखाद्या चित्राच्या पाठीवर नुसता '१३३७' असा आंकडा आहे. तो हिजरी धरला तर चित्र ऑक्टोबर १९१८ ते सप्टेंबर १९१९ मधील. हैदराबादी फसली धरला तर ऑक्टोबर १९२७ ते ऑक्टोबर १९२८ मधील. अंतर नऊ वर्षांचें दिसतें, पण १९१८ च्या शरदांत एन्फ्लुएंझानें घरेंच्या घरें ओस पडलीं हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें. चित्रांतला तरुण साथींत गेलेला थोरला भाऊ, कीं मागें राहिलेला धाकटा, हें त्या आंकड्याच्या अर्थावर ठरावयाचें असतें. आणि त्यावरून वंशावळींत कोणाचा चेहरा कोणास लावावयाचा, हेंही.

अशा वेळीं मोटार बोलते. रेडिएटरची वरची कड मध्यें किंचित् खालीं लवलेली व पुढच्या चाकांसही ब्रेक असलेली फोर्ड असली, तर ती 'ए' नमुन्याची. हा नमुना २ डिसेंबर १९२७ रोजीं अमेरिकेंत प्रथम लोकांपुढें आला. हिजरी पक्ष तेथेंच संपला. आंकडा फसली, आणि समुद्रप्रवासाचा काळ वजा केला तर चित्र १९२८ मधलें, इतकें नेमकेपण हातीं येतें. परंतु तीच गाडी काळ्या रेडिएटरची 'टी' असेल तर कांहींच ठरत नाहीं, दोन्ही पक्ष उभे राहतात. नेमके येथेंच आमचे शौकीन चित्राखालीं '१९१७' लिहून मोकळे होतात. मग वाचणारा त्या आंकड्याच्या ओढीनें पाठीवरचें साल हिजरी समजतो, आणि धाकट्याचें चित्र थोरल्याच्या नांवें लागतें.

ह्या विषयावरील छापील ग्रंथांचा ओढा अर्थातच संस्थानिकांकडे आहे. शारदा द्विवेदी व मानवेंद्रसिंह बरवानी यांचें २००३ मधील पुस्तक महाराजांच्या मोटारींवरच आहे, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. राजाच्या रोल्स-रॉइसचा माग सांगाड्याच्या क्रमांकावरून कारखान्याच्या वह्यांत काढतां येतो. मानवत किंवा सेलू येथील कापसाच्या व्यापाऱ्याच्या फोर्डास असा आधार कोठला? तेथें चित्र हाच बहुधा एकटा पुरावा. प्रवासी गाड्यांची गोष्ट थोडी बरी आहे, कारण निजाम स्टेट रेल्वेनें १९३२ मध्यें २७ गाड्यांनिशीं मोटारसेवा सुरू केली, हा आरंभ निश्चित आहे.

दोन सूचना संग्राहकांस. आपल्याकडील मोटारींचें चक्र उजवीकडे असतें. चित्रांत तें डावीकडे दिसलें तर 'परदेशी गाडी' म्हणण्यापूर्वीं पुरुषाच्या कोटाची घडी पाहावी. डाव्या बाजूची घडी वर असावयाची ती उजवीकडची वर दिसली, तर कांच उलटी ठेवून ठसा काढला असें समजावें. दुसरें, जत्रेंतील फोटोवाल्यांकडे रंगविलेल्या मोटारीचा फळा असे व गिऱ्हाईक त्याच्यामागें बसे. चाकांची सावली जमिनीवर पडली नसेल, तर नमुना शोधण्याचा खटाटोप करूं नये. पण असें चित्र फेकूनही देऊं नये. फळ्याच्या कोपऱ्यांत पुष्कळदां गांवाचें किंवा फोटोवाल्याचें नांव रंगविलेलें असतें.