कंटाळ्याची समीक्षा

सिनेमा कंटाळवाणा निघाला की आपण दिग्दर्शकाला बोल लावतो. कादंबरी पन्नासाव्या पानावर सुटली तर लेखकाला. ऑनलाइन धडा अर्ध्यावर सुटला की मात्र दोष आपल्याकडे येतो. लक्ष लागत नाही, रील्स बघून वाट लागलीय, हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही. घरचे हे म्हणत असतातच, हळूहळू आपणही म्हणायला लागतो. धड्याला कुणी काही विचारत नाही.

खरं तर धडा हीसुद्धा एक रचना आहे. तिला कर्ता असतो, सुरुवात आणि शेवट असतो, लय असते, समोरच्या माणसाबद्दल काहीएक समजूत असते. म्हणजे तिची समीक्षा करता येते. आणि आपला थकवा हा त्या समीक्षेतला पहिला पुरावा आहे. फक्त तो नीट वाचावा लागतो, कारण थकवा दोन प्रकारचा असतो. काही करून आलेला आणि नुसतं बघून आलेला.

लाइव्ह क्लासचा थकवा आधी बाजूला काढते. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली त्याची चार कारणं मांडली. स्क्रीनवर सतत अगदी जवळून रोखलेले चेहरे, दिवसभर स्वतःचंच तोंड दिसणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव समजून घ्यायला पडणारा जादा ताण. यावर थोडेफार उपाय आहेत. स्वतःचा चौकोन लपवायचा, कॅमेरा बंद करून पाय मोकळे करायचे. मला बोलायचंय ते रेकॉर्डेड धड्यांबद्दल. तिथे निवड आपल्या हातात असते आणि पैसेही आपलेच जातात.

माझा भाचा आठवीत आहे. त्याच्यासोबत मी एका पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपवर ‘ध्वनी’ हा धडा पाहिला. निर्मितीत खर्च दिसत होता. नाचणारा कार्टून बेडूक, रंगीत लहरी, गोड आवाजातलं निवेदन. स्क्रीनवर वारंवारतेची व्याख्या आली आणि निवेदिकेने ती शब्दशः वाचली. शेवटी प्रश्न आला, हर्ट्झ हे कशाचं एकक आहे? बरोबर उत्तराला नाण्यांचा पाऊस. या सगळ्या वेळात मागे सुरावट चालू होती. ध्वनीच्या धड्यात ऐकण्यासारखी एकच गोष्ट होती ती ही सुरावट, आणि तिच्याबद्दल धडा एक अक्षरही बोलला नाही.

हे फक्त आवडीनिवडीचं प्रकरण नाही. रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं अशा चित्र-निवेदनाच्या धड्यांवर प्रयोग केले. त्यांचा एक निष्कर्ष असा, की चित्र आणि निवेदन चालू असताना तोच मजकूर स्क्रीनवरही लिहिला तर शिकणं सुधारत नाही, उलट घसरू शकतं. डोळे चित्र आणि अक्षरं यांच्यात वाटले जातात. उगाच घातलेल्या संगीताबद्दलही त्यांच्या प्रयोगांतून असाच निकाल आला. म्हणजे जे ‘एंगेजिंग’ म्हणून विकलं जातं, त्यातलं बरंचसं मेंदूवरचं ओझं असतं.

आता त्याच विषयावर अरविंद गुप्तांची शीतपेयाच्या नळीची पिपाणी बघा. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही केले. नळीचं एक टोक चपटं करायचं, कात्रीने तिरपे छेद देऊन टोकदार करायचं, तोंडात धरून फुंकायचं. वाजायला लागली की फुंकता फुंकताच दुसरं टोक कात्रीने कापत जायचं. प्रत्येक कापासरशी आवाज चढतो. नाचणारा बेडूक नाही की नाणी नाहीत. व्हिडिओ संपतो तिथे काम सुरू होतं. पहिली नळी बहुधा वाजतच नाही, गाल दुखतात. हाही थकवाच. पण नळी आखूड झाली की आवाज का चढतो, हा प्रश्न आता तुमच्या तोंडात आहे, अगदी शब्दशः.

यावर कुणी म्हणेल, मुद्दा साधा आहे, व्हिडिओ छोटे हवेत. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एडेक्स’वरच्या चार कोर्सेसमधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा जणू नियमच झाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. महागड्या स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून बोलणारा शिक्षक लोक जास्त वेळ बघत होते, आणि तयार स्लाइडपेक्षा डोळ्यांदेखत हाताने काढली जाणारी आकृती.

या नियमाने गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जिब्राचं पहिलं लेक्चर नापास व्हायला हवं. १९९९ साली एमआयटीच्या वर्गात केलेलं चित्रीकरण, जवळपास चाळीस मिनिटं, फळा आणि खडू. तरी जगभरातली पोरं ते आजही बघतात. का? स्ट्रँग सुरुवात करतात आपल्याला शाळेपासून माहीत असलेल्या गोष्टीने. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. आधी ओळींनी बघा, दोन रेषा एका बिंदूत छेदतात. क्ष एक, य दोन. झालं, हे येतं आपल्याला. मग ते म्हणतात, आता स्तंभांनी बघा. तीच समीकरणं अचानक वेगळा प्रश्न होतात. (२, −१) आणि (−१, २) हे दोन सदिश किती किती घेतले की (०, ३) मिळेल? उत्तर तेच, एक आणि दोन. पण आता मधे रेषा नाहीत, बाण आहेत. पुढे ते विचारतात, उजवीकडे कोणतीही संख्या ठेवली तरी उत्तर निघेलच का? विचारतात आणि थांबतात. त्या थांबण्यात प्रेक्षकाला जागा आहे. हे लेक्चर बघून मी थकले होते आणि समोरची वही भरली होती.

म्हणजे लांबी हा मुद्दा दुय्यम. धडा आपल्याकडून काय मागतो, हा मुद्दा. स्पुनर, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ साली संख्याशास्त्राचं एक ऑनलाइन लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्म्यावर आलं. लेक्चर तेच होतं, कार्टून वाढवलं नव्हतं. फक्त प्रेक्षकाला काम दिलं होतं.

इथे एक पेच आहे. काम देणारा धडा आपल्याला आवडेलच असं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला २०१९ सालचा अभ्यास सांगतो, की ज्या वर्गात स्वतः गणितं सोडवून झगडावं लागलं तिथे विद्यार्थी जास्त शिकले, पण त्यांना वाटलं कमी शिकलो. सफाईदार लेक्चर ऐकणाऱ्यांचं उलट. म्हणून कोर्सखालचे पाच तारे आणि ‘सर, काय भारी समजावलंत’ या प्रतिक्रिया निवडीला फारशा उपयोगाच्या नाहीत. त्या सफाईला मिळालेली दाद असतात.

आणि चांगला धडा म्हणजे महागडं तंत्रज्ञान, असंही नाही. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. स्मार्टफोन नको, डेटा पॅक नको. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन, घरच्या माणसांसोबत करायच्या कृती हा तिचा गाभा. टीव्हीला मुलाचं उत्तर ऐकू येत नाही, ही तिची मर्यादा उघड आहे. पण पडद्यासमोर बसलेल्या मुलाला हात आहेत आणि शेजारी आजी आहे, हे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरलं होतं. प्रेक्षकाबद्दलची ही समजूत मला कितीतरी महागड्या अ‍ॅपमध्ये सापडत नाही. तिथे प्रेक्षक म्हणजे स्क्रीनवर टॅप करणारा अंगठा.

मग डेमो बघताना काय तपासायचं? मी पहिल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट मोजते. माझं उत्तर चुकू शकेल असा प्रश्न धड्याने मला किती वेळा विचारला? एकदाही नाही, तर तो धडा नव्हे, कार्यक्रम आहे. मग चित्र झाकून नुसतं ऐकते. काहीच हरवलं नाही, तर चित्र शोभेचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या. कागद कोराच राहिला तर वर्षाची फी भरू नये, सेल्सवाल्याने कितीही ‘आजच्या दिवसापुरती सूट’ दिली तरी.

शहरातल्या मुलाला वाईट धडा मिळाला तर तो क्लास बदलतो. तालुक्याच्या गावी, दिवसाच्या दीड जीबीत अभ्यास करणारी मुलगी काय बदलेल? तिच्याकडे एकच कोर्स असतो, आणि तो कंटाळवाणा असेल तर ‘मलाच गणित जमत नाही’ असं ठरवून ती मोकळी होते. धडा नापास झाला हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पुढच्या वेळी एखादा कोर्स सोडाल तेव्हा गुपचूप सोडू नका. प्रतिक्रियेत लिहा. कितव्या मिनिटाला सोडला, तोवर त्याने तुम्हाला काय करायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर काय उतरलं. तीन ओळी पुरेत. त्या मुलीच्या कामी येतील.