मूलतत्त्वांचे बलाबल : 'पोकेमॉन' खेळमालिका आणि माणदेशी साहित्य – एक तुलनात्मक अभ्यास

बीजसंज्ञा : मूलतत्त्व, बलाबल, व्हिडिओ गेम, अवर्षण, माणदेश, 'बनगरवाडी', 'तराळ-अंतराळ'

प्रस्तावना :

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांचा विचार भारतीय परंपरेत प्रामुख्याने सृष्टीच्या घडणीच्या संदर्भात झालेला आहे. या तत्त्वांपैकी कोण कोणापेक्षा बलवान, हा प्रश्न त्या विचारात गौण राहिला. आज मात्र हाच प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नित्य चर्चेचा विषय झाला आहे. त्याचे स्थान वर्गात नसून मोबाइलच्या पडद्यावर आहे. रोल-प्लेइंग प्रकारच्या, म्हणजे खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन पार पाडावयाच्या व्हिडिओ गेममध्ये अग्नी, जल, वीज, भूमी, हिम अशा शक्तींची तुलना हा खेळाचा गाभाच असतो.

मराठी समीक्षेने या खेळांकडे आजवर करमणूक किंवा व्यसन या दोनच दृष्टींनी पाहिले आहे. वस्तुतः बल म्हणजे काय, ते कोठून येते आणि कोणाला मिळते, याविषयी या खेळांचे स्वतःचे एक म्हणणे असते. ते म्हणणे तपासण्यासाठी माणदेशासारखी दुसरी योग्य भूमी नाही. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी या पर्जन्यछायेतील टापूत पाणी, माती आणि ऊन यांच्या बलाबलाचा हिशेब माणसांना पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला आहे. प्रस्तुत लेखात 'पोकेमॉन' ही जपानी खेळमालिका आणि माणदेशातील दोन मराठी साहित्यकृती यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

बलाबलाची संकल्पना :

'बलाबल' हा शब्द आपल्या शास्त्रपरंपरेत रुळलेला आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेतील बलाबलाधिकरणात श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या सहा प्रमाणांत विरोध आल्यास आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान मानले जाते. ही उतरंड स्थिर आहे. याउलट दगड-कागद-कात्री या मुलांच्या खेळात उतरंड नसून चक्र आहे. तेथे कोणीच सर्वश्रेष्ठ नसतो.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात आणखी तिसरा प्रकार आढळतो. दहा अवतारांच्या १२० पानांच्या या खेळात राजा व प्रधान यांच्याखालील पानांचा क्रम निम्म्या रंगांत दश्शीपासून एक्क्याकडे, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्क्यापासून दश्शीकडे उतरतो. शिवाय दिवसा रामाचे आणि रात्री कृष्णाचे पान बाळगणारा खेळाडू डाव सुरू करतो. म्हणजे पानाचे बल त्याच्या अंगच्या आकड्यावर अवलंबून नसून ते कोणत्या रंगात पडले यावर, आणि डावाचा मान दिवस-रात्रीच्या वेळेवर अवलंबून असतो. बल हे तत्त्वात असते की परिस्थितीत, या प्रश्नाचे बीज येथे दिसते.

यावरून तुलनेसाठी तीन कसोट्या निश्चित करता येतात. पहिली संबंधाची, म्हणजे हे तत्त्व कोणाविरुद्ध बलवान आहे. दुसरी प्रमाणाची, म्हणजे ते किती आणि किती काळ उपलब्ध आहे. तिसरी अधिकाराची, म्हणजे ते कोणाच्या हाती आहे.

संबंधाचे कोष्टक :

'पोकेमॉन'चे पहिले खेळ, 'रेड' आणि 'ग्रीन', फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्राण्यांचे आणि त्यांच्या वारांचे १५ प्रकार होते. १९९९ मध्ये दोन आणि २०१३ मध्ये एक प्रकार वाढून ही संख्या १८ झाली. प्रत्येक प्रकाराचा प्रत्येक प्रकारावर होणारा परिणाम कोष्टकात ठरलेला आहे. वार दुप्पट लागतो, निम्मा लागतो, जसाच्या तसा लागतो किंवा मुळीच लागत नाही. अग्नी वनस्पतीवर, वनस्पती पाण्यावर आणि पाणी अग्नीवर मात करते. वीज पाण्यावर दुप्पट परिणाम करते, पण भूमीवर तिचा परिणाम शून्य होतो. पाणी भूमीवर दुप्पट लागते. एखाद्या प्राण्याचे दोन प्रकार असल्यास आकड्यांचा गुणाकार होऊन परिणाम चौपट किंवा पावपटही होतो.

या कोष्टकाचा गुण केवळ गणिती नाही. त्यात एक न्याय आहे. प्रत्येक बलवानाला कोठे तरी दुबळी जागा आहे, आणि तेच कोष्टक दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना सारखे लागू आहे. नियम कोणासाठीही बदलत नाही. तरुण वाचकवर्गाला या खेळांचे जे आकर्षण वाटते, त्यामागे समान नियमांच्या जगाची ही ओढ असावी. टीकाकारांनी ती समजून घेणे आवश्यक आहे.

तथापि पहिल्या कसोटीवर यशस्वी ठरणारे हे कोष्टक दुसऱ्या कसोटीवर अपुरे पडते. येथे पाणी म्हणजे पाणी. ते ओंजळभर आहे की तलावभर, हा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येक वार किती वेळा वापरता येईल यास मर्यादा आहे खरी, परंतु उपचारकेंद्रात गेल्यावर ती मर्यादा विनामूल्य भरून निघते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस दहिवडी-म्हसवडकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. तत्त्व एकच असूनही त्याचे बल दहापटीने बदलते. कोष्टकात या फरकाला जागा नाही.

दुष्काळ : शक्ती आणि स्थिती :

ही उणीव खेळाच्या निर्मात्यांनाही जाणवली असावी. १९९९ च्या खेळांत हवामानाचा नियम आला. पाऊस पाडल्यास पाच पाळ्यांपुरते पाण्याचे वार दीडपट आणि अग्नीचे वार निम्मे होतात. कडक ऊन पडल्यास याच्या उलट घडते. २००२ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'रुबी' आणि 'सॅफायर' या खेळांचे कथानकच भूमी आणि सागर यांच्या संघर्षावर उभे आहे. त्यांतील भूमीचा अधिपती ग्राउडॉन याच्या अंगच्या गुणाला इंग्रजीत 'ड्रॉट' म्हणजे अवर्षण असेच नाव आहे. तो रणात उतरला की ऊन तापते, आणि दुसरे हवामान येईपर्यंत ते हटत नाही. २०१३ नंतरच्या खेळांत हाच परिणाम पाच पाळ्यांपुरता मर्यादित केला गेला. ही मर्यादा खेळाच्या समतोलासाठी उचितच आहे. मात्र तिच्यामुळे अवर्षण हे केवळ एक तात्पुरते अस्त्र होऊन राहते.

२०१४ च्या 'ओमेगा रुबी' या खेळात मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. तेथे ग्राउडॉन आपल्या आदिम रूपात भूमी आणि अग्नी या दोन्ही प्रकारांचा होतो. कोष्टकाप्रमाणे त्याच्यावर पाण्याचा वार चौपट लागला पाहिजे. प्रत्यक्षात त्याने निर्माण केलेल्या प्रखर उन्हात पाण्याचा वार त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाफ होऊन नाहीसा होतो. जे तत्त्व कागदावर चौपट बलवान आहे, ते परिस्थितीमुळे शून्यवत होते. खेळाच्या भाषेत ही एका पात्राची विशेष शक्ती आहे. माणदेशी अनुभवाच्या भाषेत मात्र हे उन्हाळ्याचे साधे वर्णन ठरते. बल हे तत्त्वाचे नसून स्थितीचे असते, ही जाण या एका नियमातून खेळानेच प्रकट केली आहे.

प्रमाण : 'बनगरवाडी' :

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर आधारलेली आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळ हे लेखकाचे जन्मगाव असल्याने हा भूप्रदेश त्यांच्या अनुभवाचा आहे. वाडीत आलेला तरुण शिक्षक, बंद पडलेली शाळा, गावाने श्रमांतून उभारलेली तालीम आणि शेवटी पडलेला दुष्काळ असा तिचा प्रवास आहे. १९९५ मध्ये अमोल पालेकर यांनी या कृतीवर चित्रपटही केला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या कादंबरीत दुष्काळाला चेहरा नाही. तो कोणी अधिपती नाही, त्याच्याशी झुंजता येत नाही आणि त्याची पाळीही संपत नाही. तो क्रमाने येतो. पाऊस ओढ देतो, चारा संपतो, मेंढरे मरतात, माणसे उरलेला कळप घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. तालीम उभारताना एकत्र आलेल्या गावाचे सामर्थ्य या क्रमापुढे टिकत नाही. खेळात पराभव झाल्यास पुन्हा डाव मांडता येतो. येथे पुन्हा डाव मांडण्यास माणूसच उरत नाही. पाण्याचे खरे बल त्याच्या असण्यातून नव्हे, तर त्याच्या नसण्यातून मोजले जाते, हा 'बनगरवाडी'चा प्रत्यय आहे. नसलेल्या तत्त्वाचे बल दाखविण्याची सोय कोणत्याही गुणाकाराच्या कोष्टकात नसते.

अधिकार : 'तराळ-अंतराळ' :

तिसरी कसोटी अधिकाराची. 'पोकेमॉन'मधील प्राण्याचा प्रकार जन्माबरोबर ठरतो, आणि आपल्याच प्रकारचा वार केल्यास त्यास दीडपट बल मिळते. लढाईपुरते किंवा उत्क्रांतीने होणारे बदल सोडले तर हा प्रकार सहसा कायम राहतो. जन्माने मिळालेले बल नैसर्गिक असते, हे गृहीतक या नियमात दडलेले आहे. २०२० मध्ये आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' या चिनी खेळात सात तत्त्वे असून दोन तत्त्वांच्या संयोगाला महत्त्व दिले आहे. अग्नीवर पाणी टाकल्यास परिणाम दुप्पट, तर पाण्यावर अग्नी टाकल्यास दीडपट होतो. क्रमानुसार बल बदलते, ही सूक्ष्मता स्वागतार्ह आहे. पण तेथे अनेक बलवान पात्रे सोडतीच्या पद्धतीने मिळतात आणि सोडतीच्या अधिक संधी पैसे मोजून घेता येतात. एका खेळात बल जन्माने येते, तर दुसऱ्यात दैवाने किंवा धनाने. दोन्ही ठिकाणी अधिकाराचा प्रश्न विचारला जात नाही.

हा प्रश्न आटपाडीच्याच शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मचरित्रात उभा राहतो. तराळकीचे काम करणाऱ्या वडिलांना विहिरीतील प्रेताची राखण करावी लागते आणि पुढे ते काढण्यासाठी विहिरीत उतरावे लागते, हा त्यातील प्रसंग सर्वपरिचित आहे. ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर या समाजाला मज्जाव होता, त्याच काळात प्रेत काढण्यासाठी मात्र त्यालाच पाण्यात उतरविले जात होते. पाणी तेच, विहीर तीच. पाण्याचे बल येथे जातिव्यवस्थेने वाटून दिलेले आहे. जन्मसिद्ध प्रकाराचे जे तत्त्व खेळात निरुपद्रवी भासते, त्याचे सामाजिक रूप किती क्रूर असू शकते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

माडगूळकर १९८३ च्या अंबाजोगाई येथील आणि खरात १९८४ च्या जळगाव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एकाच टापूतील या दोन लेखकांनी पाण्याच्या दोन वेगळ्या बाजू मांडल्या. एकाने पाण्याचा अभाव दाखविला, तर दुसऱ्याने पाणी असूनही लादला गेलेला अभाव दाखविला. माणदेशाचे आकलन या दोहोंच्या एकत्र वाचनाशिवाय पूर्ण होत नाही.

उलटे झालेले संबंध :

माणदेशाच्या अलीकडच्या अनुभवाने पहिल्या कसोटीवरील कोष्टकालाही आव्हान दिले आहे. कोष्टकात पाणी भूमीवर मात करते. डोंगरउतारावरून माती वाहून नेणाऱ्या वळवाच्या पावसाबाबत ते खरेही आहे. परंतु उतारावर सलग समतल चर खणले, बांध घातले की तीच माती पाण्याला अडवते आणि जिरवते. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडीने राज्यात प्रथम क्रमांक मिळविला, तो श्रमदानातून केलेल्या अशाच कामांमुळे. चीनच्या पंचतत्त्वविचारातही माती पाण्याचे नियमन करते असे मानले आहे. तसेच कोष्टकात वीज ही पाण्याची वैरी आहे. आटपाडी-सांगोल्याकडे मात्र कराडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आणले जाते, आणि वीज नसेल तर ते पाणी जागचे हलत नाही. जेथे खेळ वैर पाहतो, तेथे माणदेश सहकार्य पाहतो. या दोन्ही उदाहरणांत संबंध बदलणारी शक्ती कोणत्याही मूलतत्त्वाची नसून मानवी श्रमाची आणि नियोजनाची आहे.

निष्कर्ष :

१. मूलतत्त्वांचे बल हा त्यांचा अंगभूत गुणधर्म नसून संबंध, प्रमाण आणि अधिकार या तिहींचा परिणाम होय.

२. 'पोकेमॉन'सारखे खेळ संबंधाचा विचार अत्यंत काटेकोरपणे करतात. सर्वांना समान नियम हे त्यांचे नैतिक बलस्थान आहे. प्रमाणाचा विचार ते मर्यादितपणे करतात आणि अधिकाराचा जवळजवळ करीतच नाहीत.

३. 'बनगरवाडी' आणि 'तराळ-अंतराळ' या कृती नेमक्या या दोन रिकाम्या जागा भरून काढतात. त्यामुळे त्यांचे वाचन या खेळांच्या संदर्भात नव्याने अर्थपूर्ण ठरते.

खेळाने साहित्याचे काम करावे, अशी अपेक्षा येथे नाही. परंतु खेळांची निर्मिती आता महाराष्ट्रातही होत आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवरील खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. उद्या एखाद्या मराठी निर्मात्याने मूलतत्त्वांवर खेळ रचावयाचे ठरविल्यास त्याला अग्नी आणि जल यांचे कोष्टक तयार मिळेल. पाणी किती आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हे मात्र त्याला माणदेशाला विचारावे लागेल. वर्गात 'बनगरवाडी' शिकविणाऱ्या अध्यापकानेही विद्यार्थ्यांच्या हातातील या कोष्टकापासून अध्यापनास आरंभ करण्यास हरकत नाही. बलाबलाची जाण विद्यार्थ्याकडे आधीच असते. तिला आपल्या मातीचा संदर्भ जोडून देणे, हेच अध्यापकाचे कार्य होय.