मनमाड कुठल्या प्रदेशात येतं?

१० जुलै २०१९. वर्ल्ड कपची सेमीफायनल, मँचेस्टर. आदल्या दिवशी पावसाने अडवलेली मॅच राखीव दिवशी पुढे सुरू झाली होती. आपल्याला २४० करायच्या होत्या आणि २४ वर चार जण परत गेले होते. मग जडेजाने ७७ मारल्या, धोनी एका टोकाला उभा राहिला, आणि संध्याकाळी सातनंतर आमच्या गल्लीत कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं.

आमच्या घरी मात्र टीव्हीवर मॅच नव्हती. पप्पा वर्कशॉपमधून आले, हातपाय धुतले, आणि सवयीने सरकारी चॅनेल लावलं. त्यावर भलतंच काहीतरी चालू होतं. त्यांनी दोनदा मागे-पुढे करून बघितलं, सेट टॉप बॉक्स बंद करून चालू केला, आणि केबलवाल्याला फोन लावायला निघाले. त्यांचा हिशेब सरळ होता. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून चॅनेल निवडून पैसे भरायची पद्धत आली होती. १३० रुपये अधिक कर एवढ्यात शंभर फुकट चॅनेल, आणि स्पोर्ट्सचं चॅनेल हवं तर वर १९ रुपये. पप्पांनी ते घेतलं नाही, कारण इंडियाची मॅच सरकारी चॅनेलवर येतेच हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

समोरच्या काकूंकडे केबल नव्हती. गच्चीवर फ्री डिशची छत्री होती, एकदा विकत घेतलेली, नंतर महिन्याचा खर्च शून्य. त्यांच्याकडे मॅच दिसत होती. तेच सरकारी प्रसारण, तीच गल्ली, मध्ये दहा फुटांचा रस्ता.

मी मित्राच्या लॉगिनवर फोनवर बघत होतो (हो, कबूल आहे). एकोणपन्नासावी ओव्हर. समोरून काकू ओरडल्या, "गेला रे!" माझ्या फोनवर बॉलर अजून मागे चालत जात होता. मग त्याने बॉल टाकला, धोनीने तो मागे ढकलला, एक पळाला, दुसरी घ्यायला वळला. गप्टिलने थ्रो करायच्या आधीच मला निकाल माहीत होता. देशातल्या सगळ्यांना त्या रनआऊटचा धक्का बसला. मी तो रनआऊट सिनेमातल्या फ्लॅशबॅकसारखा बघितला.

त्या संध्याकाळी चूक ना चॅनेलची होती, ना केबलवाल्याची. हे मला बरंच नंतर, एक निकालपत्र वाचताना कळलं. आपल्याकडे पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमांची होते, पण आपल्या डोळ्यांसमोरचा पडदा ज्या वाक्यांमुळे काळा होतो ती वाक्यं कुणी वाचत नाही. मला ती वाचाविशी वाटली.

सुरुवात १९९३ पासून करावी लागते. हिरो कप. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन चिडलं. तोवर मॅच दाखवणं ही आपली मक्तेदारी आहे असंच ते समजत होतं. कंपनीची उपकरणं कस्टम्सने अडवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्याच मुंबई हायकोर्टातून तिथे गेलेल्या न्यायमूर्तींचं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं हा निकाल सांगतो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे प्रेक्षक हा हक्क असलेला माणूस म्हणून येतो. बोलण्याच्या स्वातंत्र्यात ऐकण्या-बघण्याचाही वाटा आहे, असं कोर्ट मानतं. आपल्या कायद्याच्या भाषेत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला इतका मान क्वचितच मिळालाय.

बारा वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला. पहिली वनडे नागपूरला, गांगुलीच्या ९८. हक्क निंबसकडे होते आणि निंबस दूरदर्शनला सिग्नल द्यायला तयार नव्हती. दिल्ली हायकोर्टाने त्या मालिकेत तोडगा काढला तो असा की दूरदर्शनने सात मिनिटं उशिराने दाखवावं. सात मिनिटं! म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याची मॅच आत्ता, बाकीच्यांची जवळपास दोन ओव्हर मागे. माझ्या फोनवरचा उशीर या मानाने किरकोळच. पण 'लाइव्ह' हा शब्द ऐपतीप्रमाणे मागे-पुढे सरकू शकतो, हे आपल्याकडे एका कोर्टाने मिनिटांत मोजून दिलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅच ज्या कंपनीकडे असतील तिने सिग्नल स्वतःच्या जाहिरातींशिवाय प्रसार भारतीला द्यायचा, आणि प्रसार भारतीने त्यावर जाहिराती लावून जे कमावलं त्यातले कमीत कमी ७५ टक्के कंपनीला परत करायचे. चांगला कायदा. फक्त त्यात एक छोटा तुकडा आहे. प्रसार भारतीने हा सिग्नल दाखवायचा तो कुठे? 'आपल्या' जमिनीवरच्या ट्रान्समीटरवर आणि 'आपल्या' डीटीएचवर.

आता दुसरा कायदा आठवा. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनची चॅनेल दाखवणं सक्तीचं आहे. म्हणजे दूरदर्शनवर मॅच आली की ती केबलवरही फुकट आली. हक्क विकत घेणाऱ्यांनी विचारलं, मग आमचं चॅनेल घेईल कोण? २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. न्या. रंजन गोगोई आणि न्या. नवीन सिन्हा यांनी दिल्ली हायकोर्टाचा आधीचा निकाल कायम ठेवला: हा सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यापुरताच. केबलवर आणि खासगी डीटीएचवर तो जाता कामा नये.

हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आहे, आणि तो वाचताना तर्कात मला कुठे भोक सापडलं नाही. कंपनीची बाजूही खोटी नाही. पुढच्याच वर्षी स्टारने भारतातल्या मॅचच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी ६,१३८ कोटी मोजले. एवढे पैसे टाकणारा माणूस मागचं दार उघडं ठेवणार नाही. तरीही १९९५ आणि २०१७ ची पानं शेजारी ठेवून वाचली की काहीतरी हरवल्याचं जाणवतं. पहिल्या निकालात प्रेक्षक आहे. दुसऱ्यात जाळी आहेत, सिग्नल आहेत, हक्कधारक आहेत. मधल्या काळात हक्क माणसाकडून निघून यंत्राकडे गेला. काकूंना मॅच दिसली ती त्या नागरिक आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या गच्चीवरच्या छत्रीचं तोंड आग्नेयेला, सरकारी उपग्रहाकडे होतं म्हणून. पप्पाही नागरिकच होते, पण त्यांची तार वेगळी होती.

त्यात तो ट्रान्समीटर. सरकारने जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळे बंद करत आणले. म्हणजे फुकट मॅचचा जो पहिला रस्ता कायद्यात लिहिलाय, तो प्रत्यक्षात जवळपास उरलेला नाही. आणि सिग्नल वाटून घ्यायला लावणाऱ्या कलमात केबल आहे, डीटीएच आहे, रेडिओची कॉमेंट्री आहे. मोबाइल नाही. आज हा लेख तुम्ही ज्यावर वाचताय ते यंत्र त्या कायद्याला माहीतच नाही.

मोबाइलवर ही काळी पट्टी येते तेव्हा तिची भाषाही वेगळी असते. 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' हे वाक्य नीट बघा. त्यात दाखवणारा नाही, अडवणाराही नाही. कुणी काही केलेलंच नाही, जसं काही यंदा पाऊस उपलब्ध नाही. मनमाड जंक्शनवर वाढलेल्या पोराला हे व्याकरण ओळखीचं आहे. गाडी चार तास लेट असते आणि भोंग्यातून 'असुविधा के लिए खेद है' येतं. खेद कुणाला आहे ते भोंगा सांगत नाही. 'आम्ही तुम्हाला दाखवणार नाही, कारण तिथले हक्क आम्ही घेतलेले नाहीत', असं एखाद्या अॅपने लिहिलं तर ते निदान खरं असेल.

आणि प्रदेश म्हणजे काय? अॅपला मनमाड दिसत नाही. त्याला आयपी पत्ता दिसतो, कधी जीपीएस, कधी सिम कुठल्या देशाचं, कधी कार्ड कुठल्या बँकेचं. या चार-पाच पुराव्यांवरून ते ठरवतं की तुम्ही कुठले. मनमाडकराला यात फार नवल वाटायला नको. एका गल्लीत नळाला पाणी आलंय आणि पुढची गल्ली आठवडाभर कोरडी, हे आम्ही जन्मापासून बघतोय. आमच्याकडे प्रदेश व्हॉल्व्हवर ठरतो.

जिथे व्हॉल्व्ह आला तिथे पळवाटही आलीच. मोबाइलच्या आधी लोकांनी जाळीची मोठी छत्री पश्चिमेच्या उपग्रहाकडे वळवून पीटीव्ही स्पोर्ट्स पकडलं. इंडियाची मॅच, फुकट. मोठ्या स्पर्धांत तेही कुलूपबंद होऊ लागलं. हा भारतीय जुगाड आहे म्हणून कुणी हसत असेल, तर त्याने पोर्ट्समथच्या कॅरन मर्फीची गोष्ट वाचावी. ही पबची मालकीण ग्रीसचं डीकोडर कार्ड आणून इंग्लिश फुटबॉल दाखवायची, कारण इंग्लंडमधली वर्गणी परवडत नव्हती. तिच्यावर खटला झाला. ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली, ४ ऑक्टोबर २०११ ला न्यायालयाने सांगितलं की असं परदेशी कार्ड वापरायला बंदी घालता येत नाही, आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिची शिक्षा रद्द झाली. त्याच इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. त्या बंदीशी मी भांडेन, पण तिला निदान कारण आहे, आणि कारणात माणसं आहेत.

मोबाइलच्या काळातली छत्री म्हणजे व्हीपीएन. तुम्ही शारजात बसलात तरी तो अॅपला सांगतो की तुम्ही मुंबईत आहात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने हुकूम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. काही मोठ्या कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच उचलले. आता भारतात असल्याचा पत्ता काही वेळा सिंगापूरमधल्या यंत्रातून मिळतो. 'प्रदेश' या शब्दाची यापेक्षा मोठी थट्टा मी लिहू शकत नाही.

व्हीपीएन वापरा असं मी सांगत नाहीये. अॅपच्या अटी मोडतात, फुकटचा व्हीपीएन तुमचीच माहिती विकत असू शकतो, आणि अमिरातीत व्हीपीएन लावून गुन्हा केल्याचं ठरलं तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. आणि छत्री असो की व्हीपीएन, पळवाट एकेकट्याची असते. ज्याला जमलं त्याला मॅच दिसते आणि तो गप्प बसतो, म्हणून तक्रार कधी गल्लीची होत नाही. २०२३ ला आयपीएल मोबाइलवर फुकट झालं, मराठी कॉमेंट्रीसकट. तेव्हा आम्हाला वाटलं प्रश्न मिटला. पण ती मेहेरबानी होती. हक्क असता तर दोन वर्षांत वर्गणी मागता आली नसती.

माझा आतेभाऊ शारजात एसीच्या कामावर आहे. त्याच्या मोबाइलवर इकडचं अॅप आहे, रिचार्जही इकडचा, आणि पडद्यावर तेच वाक्य. तिथली वर्गणी वेगळी आणि एका खोलीत सहा जण. व्हीपीएनला तो हात लावत नाही. "नोकरी घालवू का मॅचपायी?" म्हणतो.

२९ जून २०२४ ला, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला, त्याने मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. एव्हाना आमच्याकडे स्पोर्ट्सचं चॅनेल आलं होतं. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टीव्हीसमोर उभा केला. शेवटची ओव्हर, १६ हव्यात, समोर मिलर. आमच्या टीव्हीवर हार्दिक अजून धावत येत होता तेव्हाच समोरून काकूंची किंकाळी आली. मग आम्ही सूर्याला सीमारेषेवर बॉल आत फेकताना आणि परत आत येऊन पकडताना बघितलं आणि ओरडलो. मग दोन-तीन सेकंदांनी फोनमधून शारजा ओरडली.

"दादा, दिसतंय का रे नीट?" मी विचारलं.

"स्कोअर वाचता येत नाहीये," तो म्हणाला, "पण काकूंचा आवाज येतोय. तेवढ्यावर भागतंय."