मंजनीक

आम्हां ऐतिहासिक कादंबरीकारांना तोफांचा भारी सोस. मीही रणथंभोरच्या १३०१ च्या वेढ्यात त्या धडाडवल्या. वर्गात एका पोराने विचारले, "गुरुजी, तेव्हा तोफा होत्या?" नव्हत्या. होती मंजनीक, धोंडे फेकणारी, लांब दांड्याची अजस्र गोफणच म्हणा. अल्लाउद्दीनाचा सरदार नुसरतखान तिथे मेला तो किल्ल्यातून आलेल्या धोंड्याने.

जुने अरबी कोशकार या शब्दाची फोड फारसी 'मन् चि नीक', म्हणजे 'मी किती छान!' अशी करतात. गोड आहे, पण खरी नव्हे. मूळ ग्रीक 'मांगानोन'. त्याचे अर्थ युक्ती, यंत्र, आणि चेटूकही! आपल्या 'यंत्र' शब्दातही कळ आणि ताईत एकत्र नांदतातच की.

बरनी लिहितो, १२९६ साली दिल्लीच्या वाटेवर अल्लाउद्दीनाने मुक्कामोमुक्कामी मंजनिकीतून लोकांवर सोने उधळले. सोने देवगिरीचे, आपले. चुलत्याचा खून लोक विसरले. 'तोफ' लिहिल्याने हे चेटूक माझ्या हातून निसटले. दुसऱ्या आवृत्तीत शब्द बदलायला बसलो, तर पानोपानी धूर आणि दारूचा वास. अखेर ते प्रकरणच फाडले.